कार्ल्याच्या खांबांवर कुणाची नावं?

एकवीरा आईला गेली नाही अशी बाई आपल्या विचुंब्यात शोधून सापडायची नाही. चैत्रातली जत्रा, लग्नानंतरची ओटी, नवस, काहीतरी निमित्त निघतंच. पनवेल, खोपोली, बोरघाट, लोणावळा करत आपण वेहेरगावच्या पायऱ्या चढतो, दर्शन घेतो आणि उतरतो. पण देवळाला अगदी लागून जे कार्ल्याचं लेणं आहे, त्यात आपल्यातल्या किती जणी शिरल्यात? मी स्वतः तीनदा बाहेरूनच परतले होते. लेण्याचं तिकीट वेगळं, आणि खाली गाडीवाला घाई करत असतो.

या खेपेला आमच्या बचत गटाच्या अकरा जणी मुद्दाम लेणं बघायला गेलो. दर्शन आधी, हे सांगायला नकोच.

आत पाऊल टाकलं आणि सगळ्या गप्प झाल्या. सव्वाशे फूट लांब आणि पंचेचाळीस फूट उंच दालन, तेही एका अखंड डोंगरात कोरलेलं. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, त्यांच्या माथ्यावर हत्तींवर बसलेली जोडपी, आणि शेवटी दगडाचा स्तूप. इथे भिक्षू वंदना करत. बुद्धाची मूर्ती पुजायची पद्धत तेव्हा नव्हती, स्तूपच पुजत. वर बघितलं तर छताला लाकडाच्या कमानी. सागवानाच्या आहेत, आणि लेण्याच्या काळातल्याच, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांच्या. आपल्या घराच्या वाशाला किती वर्षांत वाळवी लागते ते आठवा.

"पांडवांनी एका रातीत केलं गो हे सगलं," आमच्यातली एक मावशी म्हणाली. देवळाची अशी गोष्ट आपण सगळ्याच ऐकत आलोय. पण हे लेणं कुणी केलं ते लेण्यातच लिहिलेलं आहे. अक्षरं ब्राह्मी लिपीतली, म्हणून आपल्याला लागत नाहीत. आपली बाळबोध अक्षरं त्या लिपीतूनच पुढे बदलत आली. मधल्या काळात ती वाचणारं कुणी उरलं नव्हतं. १८३७च्या सुमाराला जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मीचं कोडं सोडवलं, आणि १८८१ साली पंडित भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी आपल्याकडच्या लेण्यांतले लेख वाचून छापले.

त्यातून कळलं की हे एका राजाचं काम नाही. वैजयंती म्हणजे आजच्या कर्नाटकातलं बनवासी. तिथल्या भूतपाल शेठने मोठा खर्च केला, आणि साऱ्या जंबुद्वीपात असं लेणं नाही असं लिहूनही ठेवलं. एवढा पैसा घातल्यावर मिरवायचं तरी किती नाही! पण बाकी काम वाटून घेतलेलं आहे. दरवाजा दिला सुगंधी द्रव्यं विकणाऱ्या सिंहदत्ताने. खांब दिले धेनुकाकट नावाच्या गावच्या लोकांनी, त्यांत यवनही होते. एक खांब सोपाऱ्याच्या भिक्षूचा. सोपारा म्हणजे आपल्या वसईजवळचं नालासोपारा. ज्याला जेवढं जमलं तेवढं त्याने दिलं, आणि दिलं त्यावर नाव कोरून घेतलं.

आणि बायका? आहेत तर. महादेवणक नावाच्या गृहस्थाची आई भायिला हिचं दान आहे. दगडी कठडा दिला कोडी नावाच्या भिक्षुणीने, आणि तिची ओळख लिहिलीय 'घुणिकाची आई'. भिक्षुणी होण्याआधी घरसंसार केलेला, आणि संसार सुटला तरी आईपण लिहिलेलं राहिलं. बाहेर चार सिंहांचा खांब आहे ना, तो देणारा महारठी अग्निमित्रणक स्वतःला गोतीचा पुत्र म्हणवतो. आईचं नाव आधी लावायची रीत सातवाहन राजांचीही होती. गौतमीपुत्र सातकर्णी म्हणजे गौतमीचा मुलगा. आपल्या सरकारने १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदावर बापाच्या आधी आईचं नाव लावायचा नियम केला, तेव्हा किती चर्चा झाली!

गटातल्या बायांना सर्वात जास्त पटली ती नाशिकच्या पांडवलेण्यांतली गोष्ट. तिथे उषवदाताने तीन हजार कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. श्रेणी म्हणजे एका धंद्याच्या लोकांचा संघ. दोन हजारांवर महिना शेकडा एक आणि हजारावर पाऊण असं व्याज ठरलं. मुद्दल मोडायचं नाही, व्याजातून भिक्षूंचा खर्च चालवायचा. विष्णुदत्ता नावाच्या शक बाईनेही तशीच ठेव ठेवली, आजारी भिक्षूंच्या औषधासाठी, आणि ती ज्या श्रेणींकडे दिली त्यांत तेलीही होते. आमच्या खजिनदारीणबाईंनी लगेच हिशोब घातला. आमचा दर शेकडा दोन आहे, आम्हीच महाग पडतो म्हणाल्या.

उतरल्यावर माळवलीच्या पलीकडे भाज्याला गेलो. हे लेणं कार्ल्याहून जुनं आणि साधं. तिथे एका खोलीच्या दारावर एक लहानसा लेख आहे. अर्थ एवढाच, हालिकाची बायको बाधा हिचं दान. हल म्हणजे नांगर, हालिक म्हणजे नांगऱ्या. बाधा हे नाव आज कुणी मुलीला ठेवणार नाही, पण तेव्हा ते असेल चांगलं. शेतकऱ्याच्या घरातल्या बाईकडे स्वतःचं म्हणून देण्याजोगं काहीतरी होतं, आणि ते तिच्या नावाने लागलं.

इथे ती पांडवांची गोष्ट सांगणारी मावशी बराच वेळ थांबली. तिच्या सासरची जमीन मोठी, सातबाऱ्यावर दीर, नवरा, मुलगे सगळे आहेत, ती नाही. माहेरच्या जमिनीवर भावांसाठी हक्कसोड करून दिलं, तेव्हा अंगठा तेवढा तिचा लागला. आपल्या पनवेल भागात जमिनीला आज काय भाव आहे ते तुम्हाला ठाऊक आहे.

परतताना घाटात तिने विचारलं, "त्या बाधेच्या नवऱ्याचं नाव काय गो होतं?"

म्हटलं, मावशी, ते लिहिलेलंच नाही. नुसता नांगऱ्या.

खोपोली येईपर्यंत गाडीत हसू थांबलं नाही.