कुंपणाच्या आतली मुलं: मराठीत किशोरांचा डिस्टोपिया कुठे शोधायचा?



पेटची तयारी करणाऱ्या एका मुलीने परवा विचारलं, "दादा, मराठीत किशोरवयीन मुलांसाठी डिस्टोपियन कादंबऱ्या जवळपास नाहीत, हा विषय सिनॉप्सिसला चालेल का?" चालेल की. पण 'नाहीत' हा निष्कर्ष झाला, प्रश्न नाही. मी मूळचा एमएस्सीवाला, त्यामुळे सवयीने आधी हेच मनात येतं की नमुना खरंच नाहीये, की आपण चुकीच्या जागी शोधतोय?

आधी शब्दाचा अर्थ बघू. डिस्टोपिया म्हणजे नुसता प्रलय नव्हे. तिथे सगळं सुरळीत चालू असतं, नियमाने, नोंदवहीत सही करून, आणि तीच भीतीची गोष्ट असते. लॉइस लॉरीच्या 'द गिव्हर'मध्ये (१९९३) मूल बारा वर्षांचं झालं की त्याने आयुष्यभर काय काम करायचं ते वडीलधारे ठरवून टाकतात. सुझान कॉलिन्सच्या 'द हंगर गेम्स'मध्ये (२००८) १२ ते १८ वयाच्या मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या काढतात, आणि नायिकेच्या वस्तीभोवती तारेचं कुंपण आहे.

आता मराठीकडे या. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हातात दिला, पण ते साहस होतं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत कुणा 'नारायण विनायक जगताप' यांची 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी वाचा, गंमत कळेल. पुढे त्यांच्याच 'वामन परत न आला'मध्ये बुद्धिमान यंत्रमानवाचा धोका येतो, दुसऱ्या एका कथेत मुंबईत बर्फ पडतो. शाळकरी वयात आपल्यातल्या कितीतरी जणांनी हे वाचलंय. पण बघा, संकट बाहेरून येतं, निसर्गातून नाहीतर यंत्रातून, आणि वाट काढायला शास्त्रज्ञ धावतो. सरकार फार तर आळशी किंवा ठार बहिरं असतं. कायदाच शत्रू आहे, असं मला या वळणाच्या कथांत फारसं सापडलं नाही. माझ्या मते खरी पोकळी इथे आहे.

ती का, याचा विचार करताना मला ग्रंथालयापेक्षा आमचं सोलापूरच जास्त उपयोगी पडलं. इथल्या रिक्षावाल्याला 'सेटलमेंट' म्हणा, तो बरोबर नेऊन सोडेल. पण हा इंग्रजी शब्द कुठून आला, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. १८७१ साली ब्रिटिशांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. १९११ च्या कायद्यानंतर तो मुंबई इलाख्यातही आला. काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या आणि सोलापुरात त्यांच्यासाठी काटेरी तारांच्या आत वसाहत उभी राहिली. दिवसा कापडगिरणीत काम, ठरल्या वेळी हजेरी, परवानगीशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही.

यातला मुलांचा भाग जरा सावकाश वाचा. १९२४ च्या कायद्यात सरकारला अधिकार होता की मुलांना आईबापांपासून वेगळं काढून सुधारशाळेत ठेवायचं. 'मूल' कोण? सहा वर्षांवरचं आणि अठराच्या आतलं. जन्माचा दाखला नव्हता तर? जिल्हा दंडाधिकारी म्हणेल ते वय अंतिम. हे कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो. कॉलिन्सबाईंच्या चिठ्ठ्यांना निदान वयाचा हिशोब तरी होता! हा कायदा देशभरातून १९५२ साली गेला, पण शिक्का इतक्या लवकर जात नाही.

म्हणून मी त्या मुलीला म्हटलं, विज्ञानकथेचं कपाट सोड, आत्मकथनांचं उघड. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' (१९८०), लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' (१९८७). लहान मुलाच्या नजरेतून दिसणारी, कायद्याचा हात धरून दारात आलेली भीती तिथे आहे. पोलीस घरात शिरतात तेव्हा त्या पोराला हे असं का, हे कुणी समजावून सांगत नाही.

तिने लगेच उलटा प्रश्न टाकला, आणि तो माझ्यापेक्षा बरा होता. "पण दादा, जे खरंच घडलं त्याला डिस्टोपिया म्हटलं, तर ते कल्पित ठरत नाही का? लोक म्हणतील, गोष्टच आहे."

बरोबर आहे तिचं. डिस्टोपिया हा इशारा असतो, पुढे असं होऊ शकतं असा. आत्मकथन ही साक्ष असते. दोन्हींना एकच लेबल चिकटवलं तर साक्षीचं वजन उतरतं, आणि तेही ज्यांच्यावर आधीच एक लेबल चिकटवलं होतं त्यांच्याच बाबतीत. माझी चूक मी तिथेच मान्य केली. आत्मकथनं डिस्टोपियाच्या जागी बसवायची नाहीत, शेजारी ठेवून वाचायची.

तिच्या सिनॉप्सिसचा प्रश्न आता असा झालाय: ज्या भाषेत कुंपणाच्या आतल्या बालपणाची इतकी साक्ष लिहिली गेली, त्याच भाषेत मुलांसाठी लिहिणाऱ्यांनी कुंपण कल्पनेतही का उभं केलं नाही? बाहेर राहणाऱ्यांना ते दिसलं नाही, की मुलांना दाखवायचं नाही असं ठरलं? संपादकांची पत्रं, जुने दिवाळी अंक, शाळांच्या ग्रंथालयांतल्या खरेदीच्या याद्या, इथून सुरुवात करता येईल. पुढच्या सोमवारी ती गाइडकडे जातेय. मी सोबत येऊ का विचारलं, तर नको म्हणाली.