स्पीकरमधील तडतड : एका शोधाचा इतिहास

बालकवींचें जन्मग्राम म्हणून महाराष्ट्रास परिचित असलेलें धरणगाव मुंबईपासून सरळ रेषेंत सव्वातीनशें किलोमीटरांहून अधिक दूर आहे. २३ जुलै १९२७ रोजीं लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें मुंबईच्या नभोवाणी केंद्राचें उद्घाटन झालें, तेव्हां त्या केंद्राची शक्ति अवघी दीड किलोवॅट होती. एवढ्या दुर्बळ लहरींनीं सह्याद्रि ओलांडून खानदेश गाठावयाचा, आणि तोहि मृगाच्या ढगांतून! आकाशांत विजा चमकूं लागल्या म्हणजे वक्त्याचे शब्द थोडे आणि तडतड फार, अशी अवस्था होणें स्वाभाविकच होतें. आज त्याच गांवचा विद्यार्थी संगणकासमोर धडा ऐकत बसतो, आणि ऐन वाक्याच्या मध्यावर स्पीकरमधून ‘टप्प’ असा आवाज निघून एक शब्द नाहींसा होतो. साधन पालटलें, तक्रार तीच राहिली. म्हणूनच या तडतडीचा इतिहास पाहणें उद्बोधक ठरेल.

वीज कडाडते तेव्हां प्रकाश आणि ध्वनि यांच्याबरोबर विद्युच्चुंबकीय लहरीहि चोहोंकडे पसरतात. रशियन शास्त्रज्ञ पोपोव्ह यानें १८९५ सालीं याच गुणाचा उपयोग करून दूरच्या वादळाची चाहूल घेणारें यंत्र बनविलें. म्हणजे नभोवाणीच्या श्रोत्यास जो उपद्रव वाटला, तोच तिच्या जन्मकाळीं संशोधकाचा विषय होता. मध्यम लहरींच्या प्रक्षेपणांत शब्दाचा भार लहरीच्या उंचीवर असतो. विजेचा लोळ, मोटारींतील ठिणगी, सरकी काढणाऱ्या जिनिंगची विद्युत् मोटर, हीं सर्व त्या उंचींतच ढवळाढवळ करतात. बिचाऱ्या ग्राहकयंत्रास गायकाची तान कोणती आणि ठिणगी कोणती, हें कळावें कसें?

या प्रश्नाचीं उत्तरें दोन निघालीं. अमेरिकेंतील एडविन आर्मस्ट्राँग यानें १९३३ सालीं शब्दाचा भार लहरीच्या उंचीऐवजीं तिच्या कंपनसंख्येवर ठेवण्याच्या पद्धतीचें पेटंट मिळविलें. त्यामुळें उंचीवरील गोंधळ छाटून टाकणें शक्य झालें. दुसरें उत्तर अधिक सरळ होतें. बोलणारा दूर असेल तर त्याला जवळ आणावें. १९७६ सालीं जळगावीं आकाशवाणीचें केंद्र सुरू झालें, आणि खानदेशच्या शेतकऱ्यास बाजारभाव जवळच्या, बलवान लहरींतून ऐकूं येऊं लागले. गोंगाट कमी झाला नाहीं. शब्द मोठा झाला.

परंतु सर्वच तडतड शत्रु नसते. १९३२ च्या सुमारास कार्ल जान्स्की हा तरुण अभियंता समुद्रापारच्या दूरध्वनींत येणारी खरखर शोधीत होता. जवळचीं वादळें आणि दूरचीं वादळें वेगळीं काढल्यावरहि एक मंद सुरसुर उरलीच. तिची वेळ रोज सुमारें चार मिनिटांनीं अलीकडे सरके. म्हणजे ती सूर्याच्या नव्हे, तर ताऱ्यांच्या घड्याळानें चालत होती. तिचा उगम आकाशगंगेंत आहे, असें त्यानें १९३३ सालीं जाहीर केलें. जो दोष काढावयाचा, त्यांतूनच नवें शास्त्र जन्मलें! त्याच शास्त्राचें एक तीर्थ आज महाराष्ट्रांत आहे. नारायणगावाजवळ खोडद येथें डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्यांची दुर्बीण उभारली गेली. मानवनिर्मित विद्युत् गोंगाट तेथें कमी, हें ती जागा निवडण्याचें एक कारण होतें. तेथील शास्त्रज्ञांनाहि तारांवरील ठिणग्यांचा बंदोबस्त करावाच लागतो.

आतां संगणकाकडे वळूं. १९८१ च्या पहिल्या आयबीएम घरगुती संगणकांत केवळ पीं पीं करणारी एक चकती होती. १९८९ सालीं साउंड ब्लास्टर हें वेगळें ध्वनिपत्र बाजारांत आलें. १९९७ सालीं इंटेलनें एसी-९७ ही पद्धति आंखून दिली आणि ध्वनीचें काम मुख्य फलकावरच होऊं लागलें. खर्च वांचला, पण नाजूक ध्वनिमार्गास गजबजलेल्या फलकावर शेजार करावा लागला. तेथें सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुन्यांची रांग अखंड चालावी लागते. संगणक अन्य कामांत गुंतून क्षणभर चुकला, कीं रांग तुटते आणि ‘टप्प’ होतें.

जान्स्कीनें जें केलें, तेंच येथेंहि करावें. प्रथम आवाज केव्हां येतो, तें ऐकावें. बऱ्याच शांततेनंतर ध्वनि सुरू होतांना वा थांबतांनाच आला, तर ऊर्जा वांचविण्यासाठीं झोपणारा ध्वनिविभाग जागा होत आहे, असें समजावें. ती सोय बंद करून पाहावी. संगणकावर काम वाढलें म्हणजे येत असेल, तर ध्वनीचा राखीव सांठा वाढवावा आणि ड्रायव्हर नवा घालावा. माऊस हलवितांना किरकिर उठत असेल, तर फलकावरील विद्युत् गोंगाट झिरपत आहे. यूएसबीचें बाहेरचें ध्वनियंत्र त्यावर बहुधा गुण देतें. अखंड घूं घूं असेल, तर स्पीकर आणि संगणक दोन ठिकाणीं भूमीशीं जोडलेले असण्याचा संभव आहे. दोहोंस एकाच बोर्डावरून वीज द्यावी. शेजारीं ठेवलेला मोबाईलहि टुकटुक करवितो. तो दूर करावा. मात्र एका वेळीं एकच बदल करावा, नाहींतर कोणत्या उपायानें गुण आला, हें कळत नाहीं.

एवढें केल्यावाचून स्पीकर फेंकून नवा आणणें, म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखें होय. नवा आणला तरी दोष संगणकांत असल्यास तडतड राहतेच, आणि गरीब घरचे पैसे मात्र जातात. पोपोव्हनें वादळ ओळखलें, जान्स्कीनें आकाशगंगा ओळखली. आपल्या मेजावरची तडतड ओळखण्यासहि त्याच धीराचे कान हवेत. गोंगाटावर रागावणारास तो नुसता छळतो. त्याची वेळ लिहून ठेवणारास तो आपला पत्ता सांगतो.