स्पीकरच्या पायाखालची जमीन

१/ जमिनीवर उभ्या ठेवायच्या उंच स्पीकरला टोकदार धातूचे पाय, म्हणजे स्पाइक, का असतात? याचे उत्तर ध्वनिशास्त्राइतकेच ब्रिटिश घरांच्या बांधणीत दडले आहे.

२/ राइस आणि केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ मध्ये मांडलेला हलत्या कॉइलचा स्पीकर हा आजच्या स्पीकरचा पूर्वज. त्याचा पडदा पुढे झेपावला की पेटीला मागे धक्का बसतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमातून सुटका नाही.

३/ ब्रिटनमधील व्हिक्टोरियाकालीन घरांत तुळयांवर फळ्या ठोकलेल्या असत आणि पुढे त्यांवर भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचे आले. अशा गालिच्यावर अरुंद, उंच पेटी डुलते. १९८० च्या दशकात तेथे रूढ झालेला स्पाइक हा त्या डुलण्यावरचा उपाय होता: टोक गालिच्यातून आरपार जाऊन थेट फळीवर टेकते. विक्रेत्यांनी मात्र त्याला ‘कंपने जमिनीत सोडणारी वाट’ ठरवले. ही वाट एकेरी नसते. पोकळ जमिनीवरच्या फळ्या पेटीबरोबर थरथरतात आणि मंद्र स्वर गढूळ होतात.

४/ दुसरी परंपरा तुलनेने दुर्लक्षित राहिली. एडगर व्हिलचर यांनी १९६१ च्या रेकॉर्ड प्लेयरमध्ये तबकडी आणि सुईचा दांडा स्प्रिंगांवर तोलून जमिनीचे हादरे अडवले. रबरी पायांचे तत्त्वही हेच. मात्र स्प्रिंग वा रबर आपल्या नैसर्गिक वारंवारितेच्या सुमारे १.४ पटींहून वरचीच कंपने अडवतात. त्या वारंवारितेच्या आसपासची उलट वाढवतात. म्हणून रबर स्पीकरच्या वजनाला जुळणारे हवे. फार कडक रबर काही अडवत नाही, फार मऊ असेल तर पेटी पुन्हा डुलते.

५/ महाराष्ट्रात प्रश्नच वेगळा. काँक्रीटच्या स्लॅबवर बसवलेली शहाबादी, कोटा किंवा मोझॅक फरशी फारशी हलत नाही, गालिचाही नसतो. मग स्पाइक भेदणार काय? ३० किलोचा स्पीकर चार टोकांवर उभा केला आणि प्रत्येक टोक १ चौरस मिलिमीटरचे धरले, तर दाब दर चौरस सेंटीमीटरला ७५० किलो! फरशीवर ओरखडा ठरलेलाच. स्पाइक ठेवायचेच असतील तर खाली धातूची चकती हवी. खालच्या मजल्यावर शेजारी असतील तर रबर बरे, कारण स्लॅब आवाज दूरवर वाहून नेतो.

६/ अपवाद जुन्या वाड्यांचा. कडीपाटाच्या माडीखालीही तुळया आणि फळ्याच असतात. लंडनच्या घरातील अडचण पुण्यातील वाड्यात जशीच्या तशी भेटते आणि तेथेही मऊ पायच अधिक उपयोगी पडतात.