चहा घ्या, गाडी चार्ज होतेय

विजेवरची गाडी कालपरवा निघाली असं आपल्याला वाटतं. पण शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत ती धावत होती, आणि बायकांची गाडी म्हणून विकली जायची. पेट्रोलची गाडी सुरू करायला पुढचं हँडल जोर लावून फिरवावं लागे. हिला तसलं काही नको. गंमत बघा, पेट्रोलच्या मोटारींवर मोठे झालेले हेन्री फोर्ड, पण त्यांच्या पत्नी क्लारा १९१४ सालची ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ चालवायच्या!

ती गाडी घरी रात्रभर चार्ज करायची आणि गावातल्या गावात फिरवायची. लांब जायचं तर वाटेत वीज कुठे? पुढे पेट्रोल जागोजागी मिळू लागलं, हँडलही गेलं आणि विजेची गाडी मागे पडली.

ती अडचण जपानने पुन्हा हातात घेतली. २००७ च्या सुमारास टोकियोच्या वीज कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांना अशा गाड्या दिल्या. लोक जवळच जात आणि बॅटरी निम्मी शिल्लक असतानाच परत येत. मग दूर आणखी एक फास्ट चार्जर बसवला. लगेच लोक लांब जाऊ लागले, बॅटरी बरीच उतरवून येऊ लागले. आणि तो नवा चार्जर? फारसा वापरलाच नाही! तो आहे, एवढ्यानेच धीर आला. २०१० मध्ये तिथल्या कंपन्यांनी चार्जिंगची ‘चाडेमो’ ही पद्धत आणली. त्या नावात जपानी बोलीतलं ‘चहा तरी घेऊ या’ दडलंय. तेवढ्यात गाडी चार्ज होईल!

हे होतं कसं? घरात येते एसी वीज, बॅटरीला लागते डीसी. ती बदलणारं यंत्र गाडीत असतं, पण लहान. फास्ट चार्जरमध्ये तेच मोठं यंत्र बाहेर असतं. ३० युनिटची बॅटरी ३ किलोवॅटच्या प्लगवर दहा तास घेईल, ३० किलोवॅटच्या चार्जरवर तासाभराच्या आसपास. कळशी गळ्याशी आली की आपण नळ बारीक करतो ना, तसा ८० टक्क्यांनंतर वेग कमी होतो.

आपल्याकडे एप्रिल २०१८ मध्ये केंद्राने स्पष्ट केलं की चार्जिंग केंद्राला वीज विकण्याचा परवाना लागत नाही. म्हणजे बचत गटही ते काढू शकतो. डिसेंबर २०१८ मध्ये तेव्हाची अंतरंही ठरली होती: शहरात दर ३ किलोमीटरच्या चौकोनात एक, महामार्गावर दर २५ किलोमीटरला एक. गावाचा आकडा त्यात नव्हता, हे आम्हाला खटकलं.

पिंक ई-रिक्षाची योजना आली, तेव्हा आमच्या बैठकीत हप्त्याच्याही आधी प्रश्न आला, “ताई, वाटेत बंद पडली तर?” जपानमधलीच भीती! रिक्षा घेणाऱ्यांनी एक नक्की विचारा: ही फास्ट चार्जरवर चालते का? बऱ्याच ई-रिक्षा फक्त सावकाशच चार्ज होतात.

स्टँडसमोरच्या जागेला थ्री फेजचा किती भार मिळेल, असा अर्ज आम्ही दोन गटांनी मिळून वीज कार्यालयात दिलाय. उत्तर अजून यायचंय.