दख्खनच्या जीवाश्मांचे संशोधन आणि शोधनियतकालिके : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मुळशी तालुक्यातील हिंजवडी हे गाव आज माहिती तंत्रज्ञान उद्यानामुळे सर्वपरिचित आहे. तेथे इमारतीच्या पायासाठी जमीन खोदली की प्रथम मुरूम आणि त्याखाली काळा बेसॉल्ट लागतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा पाषाण असून त्यात जीवाश्म मिळण्याची शक्यता जवळजवळ नाही. दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात तळी साचली, गाळ बसला आणि त्यात जीवांचे अवशेष टिकले, असे अंतरा-ट्रॅपी थर प्रामुख्याने नागपूर, छिंदवाडा या पूर्वेकडील पट्ट्यात व मुंबई बेटावर आढळतात. पुणे परिसरात प्रवाहांच्या मध्ये बहुधा तांबड्या मातीचे पातळ थर तेवढे दिसतात. या भूवैज्ञानिक परिस्थितीचा परिणाम येथील पुराजीवविज्ञानाच्या वाटचालीवर झाला. दख्खनच्या जीवाश्मांसंबंधीचे लेखन कोणत्या काळी कोणत्या नियतकालिकांतून प्रसिद्ध झाले, त्यातील विषय कसे बदलले आणि प्रकाशनाचे स्थळ व संशोधनाचा प्रश्न यांचे परस्परांशी नाते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पहिला टप्पा : नामकरण आणि लंडन

जे. जी. माल्कमसन यांचा बेसॉल्ट प्रदेशाच्या पूर्व भागातील जीवाश्मांविषयीचा निबंध १८४० मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. मुंबईच्या थरांत सापडलेल्या लहान बेडकाचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्याच संस्थेच्या त्रैमासिकात केले. ओवेन यांनी त्याला 'राना' या परिचित प्रजातीत घातले होते. १९३० मध्ये जी. के. नोबल यांनी त्यासाठी 'इंडोबॅट्रॅकस' ही स्वतंत्र प्रजाती स्थापन केली. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूविज्ञानावरील विस्तृत निबंधही १८५५ मध्ये लंडनच्या त्रैमासिकातच आला. ज्या हिस्लॉप यांच्या नावाने नागपुरात १८८३ मध्ये महाविद्यालय सुरू झाले, त्यांनी जमविलेले महत्त्वाचे नमुने लंडनला गेले.

याला एक उल्लेखनीय अपवाद आहे. हेन्री जॉन कार्टर यांनी मुंबई बेटाच्या भूविज्ञानावरील आपला निबंध १८५२ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात छापला आणि त्यात एका जीवाश्म कासवाचे वर्णन केले. जेथे वस्तू सापडली तेथेच तिचा अभ्यास छापला जाण्याचे हे महाराष्ट्रातील आरंभीचे उदाहरण होय. या टप्प्यातील प्रमुख प्रश्न 'हे काय आहे आणि याला काय म्हणावे' एवढाच होता. नामकरणासाठी तुलनेचे नमुने लागतात आणि ते लंडनमध्ये होते. त्यामुळे प्रश्नाच्या स्वरूपानेच प्रकाशनाचे स्थळ ठरविले, असे म्हणता येते.

दुसरा टप्पा : स्वदेशी नियतकालिके आणि वयाचा वाद

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था १८५१ मध्ये स्थापन झाली. तिची 'पॅलिऑन्टॉलॉजिया इंडिका' ही ग्रंथमाला १८६१ पासून आणि 'रेकॉर्ड्स' १८६८ पासून निघू लागली. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथील विष्ठाश्मांवरील सी. ए. मॅटली यांचा लेख १९३९ मध्ये 'रेकॉर्ड्स'मध्येच आला. तथापि ही सरकारी प्रकाशने होती. विद्यापीठीय संशोधकांना स्वतःचे व्यासपीठ मिळाले ते १९३२ मध्ये बंगळूर येथे सुरू झालेल्या 'करंट सायन्स'मुळे आणि १९३४ पासून भारतीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तामुळे.

बिरबल साहनी यांनी 'करंट सायन्स'मधून १९३४ मध्ये दख्खन ट्रॅप क्रिटेशस की तृतीयक, हा प्रश्न मांडला आणि वनस्पति-जीवाश्मांच्या आधारे ते तृतीयक असल्याचा पक्ष घेतला. अंतरा-ट्रॅपी थरांतील 'एनिग्मोकार्पॉन' या फळाचा त्यांचा सविस्तर अभ्यास १९४३ चा आहे. साहनी यांचे १९४९ मध्ये निधन झाले. 'द पॅलिओबॉटनिस्ट' हे नियतकालिक १९५२ मध्ये, तर भारतीय पुराजीवविज्ञान संस्थेचे नियतकालिक १९५६ मध्ये लखनौहून निघू लागले. जीवाश्म हा आता केवळ संग्रहाचा विषय राहिला नव्हता; खडकाचे वय सांगणारा साक्षीदार म्हणून त्याच्याकडे पाहिले जाऊ लागले.

या काळात पुण्याचा सहभाग ध्यानात घेण्याजोगा आहे. पुणे विद्यापीठातील त्र्यं. शं. महाबळे यांनी छिंदवाडा भागातील सौसर येथील 'साल्व्हिनिया' या जलनेच्याचे वर्णन १९५० मध्ये केले. शं. पु. आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत ग. वा. चिपळोणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी नर्मदा खोऱ्यातील बाघ थरांचा अभ्यास केला. चिपळोणकर आणि रा. म. बडवे यांचा त्या थरांतील प्राण्यांच्या वावराच्या खुणांवरील लेख १९७० मध्ये लखनौच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. डेक्कन कॉलेजने ज्ञा. ला. बादाम यांचा भारतातील प्लाइस्टोसीन प्राण्यांवरील ग्रंथ १९७९ मध्ये काढला. पायाखालचा खडक मुका असल्याने पुण्याच्या अभ्यासकांनी अभ्यासक्षेत्र दूर शोधले.

तिसरा टप्पा : विनाश, हवामान आणि कालमापन

१९८० नंतर डायनोसॉरांच्या विनाशाशी दख्खनच्या ज्वालामुखीचा संबंध जोडला जाऊ लागला आणि संशोधनाचा रोख बदलला. आंध्रातील (आता तेलंगणातील) नास्कल येथील अंतरा-ट्रॅपी थरातून मिळालेल्या क्रिटेशस सस्तन प्राण्याचा वृत्तांत १९८८ मध्ये 'नेचर'मध्ये आला. साहनींनी मांडलेले तृतीयक वय मागे पडण्यास अशा पुराव्यांनी व किरणोत्सर्गी कालमापनाने हातभार लावला. मॅटलींनी वर्णिलेल्या पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण आढळल्याचे २००५ मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाले. डायनोसॉरांच्या काळी गवत होते, हे त्यातून दिसले. स्थळ जुनेच होते, त्याला विचारलेला प्रश्न मात्र सर्वस्वी नवा होता.

येथे पश्चिम महाराष्ट्राचा मुका पाषाणही चर्चेत आला. लाव्हाप्रवाहांमधील तांबड्या थरांत अन्य ज्वालामुखींच्या राखेबरोबर आलेले झिर्कॉनचे कण मिळाले व त्यांच्या युरेनियम-शिसे कालमापनावर आधारित निबंध २०१५ व २०१९ मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाले. २०१९ च्या त्याच अंकात आर्गॉन-कालमापनावर आधारलेला दुसरा निबंधही होता. उद्रेक ठळक टप्प्यांनी झाले की अधिक सलगपणे, याविषयी दोन्ही गटांचे निष्कर्ष जुळले नाहीत. जीवाश्म नाहीत म्हणून उपेक्षित राहिलेला थर अशा प्रकारे जीवसृष्टीच्या इतिहासाचे घड्याळ ठरला.

प्रकाशन आणि परीक्षण

लेख नामांकित नियतकालिकात आला म्हणजे तो खरा ठरतो, असे मात्र नाही. ऑस्ट्रेलियन पुराजीववैज्ञानिक जॉन टॅलेंट यांनी १९८९ मध्ये 'नेचर'मधून हिमालयीन जीवाश्मांसंबंधीच्या लेखनाची एक दीर्घ मालिका संशयास्पद असल्याचे दाखविले. हिमालयातील म्हणून सांगितलेले काही नमुने अन्य देशांतील असल्याचा त्यांचा निष्कर्ष होता. परीक्षकांनी जीवाश्माचे वर्णन तपासले. तो नेमका कोठे सापडला, हे पडताळले नाही. भीमबेटका येथे 'डिकिन्सोनिया' सापडल्याचा २०२१ मधील दावा २०२३ मध्ये निराधार ठरला. ती पोळ्याची खूण होती. पहिल्या प्रकरणात दुरुस्तीस अनेक वर्षे गेली, दुसऱ्यात दोनच. दुसरे स्थळ उघडे असून कोणालाही जाऊन पाहता येत होते, हे या फरकाचे एक कारण मानता येईल.

महाविद्यालयीन अध्यापकांसाठी हा प्रश्न केवळ ऐतिहासिक नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये दर्जेदार नियतकालिकांची 'केअर' सूची जाहीर केली. तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील कक्षातून चाले. २०२५ मध्ये ती सूची बंद करण्यात आली आणि नियतकालिकाची पारख करण्याची जबाबदारी पुन्हा संस्था व अध्यापक यांच्याकडे आली. सूची असताना नियतकालिकाचे नाव पाहून भागत असे. आता लेख वाचणे अपरिहार्य झाले आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, दख्खनच्या जीवाश्मविषयक लेखनाचे केंद्र लंडनहून कोलकाता, बंगळूर व लखनौ येथे आले आणि अखेरच्या टप्प्यात त्याचा महत्त्वाचा भाग पुन्हा परदेशी नियतकालिकांकडे गेला. मात्र आता त्यात भारतीय संशोधक लेखक म्हणून आहेत. दुसरी, विषयांचा क्रम नामकरण, वयनिश्चिती आणि पर्यावरण असा राहिला. लखनौच्या 'पॅलिओबॉटनिस्ट'ने अलीकडे 'जर्नल ऑफ पॅलिओसायन्सेस' हे व्यापक नाव धारण करणे याच बदलाचे द्योतक आहे. तिसरी, नमुना व त्याचे स्थळ पुन्हा पाहता येणे हीच परीक्षणाची खरी कसोटी होय.

या तिसऱ्या बाबीचा हिंजवडीशी निकटचा संबंध आहे. पायाच्या खड्ड्यात उघडा पडणारा खडकाचा छेद काही महिन्यांतच काँक्रीटखाली जातो. त्याची जाडी, थरांचा क्रम, तांबड्या मातीची खोली आणि अचूक ठिकाण यांची नोंद परिसरातील महाविद्यालयांनी करून ठेवली व ती आपल्या नियतकालिकात छापली, तर कार्टर यांनी १८५२ मध्ये मुंबईत घालून दिलेला पायंडा पुढे चालविल्यासारखे होईल. अशा नोंदीला मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही. वेळेवर खड्ड्यापाशी पोहोचण्याची मात्र आहे.