आंतरराष्ट्रीय वित्ताचे शिक्षण : लंडनचा वर्ग आणि लंडनचा बाजार

वाणिज्य, अर्थशास्त्र किंवा व्यवस्थापन शाखेची पदवी हाती आल्यानंतर आंतरराष्ट्रीय वित्त हा विषय घेऊन परदेशी जाण्याचा विचार अनेक विद्यार्थी करतात. विनिमय दर, कर्जरोखे, वायदे यांचे सिद्धान्त मुंबईत शिकविले काय किंवा लंडनमध्ये शिकविले काय, सारखेच असतात. पाठ्यपुस्तकेही बहुतांशी तीच असतात. मग लाखो रुपये खर्चून तेथे जाण्याने अधिक काय मिळते, असा प्रश्न पालकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. याचे उत्तर वर्गाबाहेर सापडते. ज्या संस्थांमध्ये हे व्यवहार प्रत्यक्ष होतात, त्या संस्था तेथे चालत जाण्याच्या अंतरावर असतात. म्हणूनच वर्गातील अध्यापनाला क्षेत्रभेटींची जोड देणारे अभ्यासक्रम उपयुक्त ठरतात. मात्र पूर्वतयारीविना केलेली क्षेत्रभेट ही केवळ सहल होते. लंडनच्या उदाहरणावरून हा विषय समजून घेता येईल.

लंडनच का?

आंतरराष्ट्रीय देणीघेणी बँकेने, म्हणजे 'बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स'ने, एप्रिल २०२५ मध्ये केलेल्या त्रैवार्षिक पाहणीनुसार जगातील परकीय चलनाची उलाढाल दररोज सरासरी ९.६ लाख कोटी डॉलर होती. त्यांपैकी सुमारे ३८ टक्के उलाढाल एकट्या ब्रिटनमध्ये होते. यांतील बहुसंख्य व्यवहारांत एका बाजूला अमेरिकी डॉलर असतो. तरीही बाजार न्यूयॉर्कपेक्षा लंडनमध्ये मोठा आहे.

याचे एक कारण घड्याळात आहे. लंडनची सकाळ होते तेव्हा आशियातील व्यवहार सुरू असतात आणि दुपारी न्यूयॉर्क उघडते. दुसरे कारण इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेबाहेरील बँकांत साठलेल्या डॉलरना लंडनने आश्रय दिला. त्यांनाच 'युरोडॉलर' म्हणतात. १९६३ मध्ये 'ऑटोस्ट्राडे' या इटालियन महामार्ग कंपनीसाठी लंडनच्या 'एस. जी. वॉरबर्ग'ने दीड कोटी डॉलरचे रोखे विक्रीस काढले. युरोबाँडची सुरुवात या विक्रीपासून मानली जाते. २७ ऑक्टोबर १९८६ रोजी शेअर बाजारातील ठरीव दलालीची पद्धत रद्द झाली आणि परदेशी बँकांना दारे खुली झाली. हा बदल 'बिग बँग' या नावाने ओळखला जातो.

वर्गात काय शिकविले जाते?

पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुधा एक वर्षाचा असतो. याखेरीज भारतीय महाविद्यालयांशी करार करून चालविलेले सत्र-विनिमय आणि काही आठवड्यांचे उन्हाळी वर्गही असतात. व्यापारतोल व भांडवलाची आवकजावक, विनिमय दराची निश्चिती, आंतरराष्ट्रीय रोखेबाजार, वायदे व पर्याय, जोखीम व्यवस्थापन आणि बँकांवरील नियंत्रण हे विषय सर्वत्र असतात.

वर्गातील अध्यापनाचे स्वरूप लक्षात यावे म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, आज एका पौंडाला १०० रुपये पडतात. भारतात वार्षिक व्याजदर ७ टक्के व ब्रिटनमध्ये ४ टक्के आहे. आजचे १०० रुपये भारतात ठेवले तर वर्षाने १०७ होतील. त्याच १०० रुपयांचा एक पौंड घेऊन ब्रिटनमध्ये ठेवला तर १.०४ पौंड होतील. दोन्ही मार्गांनी मिळणारी रक्कम सारखी राहायची, तर एक वर्ष मुदतीच्या पौंडाचा वायदेभाव १०७ भागिले १.०४, म्हणजे सुमारे १०२ रुपये ८८ पैसे असायला हवा. यालाच व्याजदर समता म्हणतात. वायदेभाव ही भविष्यवाणी नसून दोन व्याजदरांतील फरकाचा हिशेब असतो, हे या गणितातून कळते.

अयशस्वी व्यवहारांचा अभ्यास हाही वर्गातील महत्त्वाचा भाग असतो. १९९५ मध्ये 'बेअरिंग्ज' ही लंडनची जुनी बँक सिंगापूर शाखेतील एका व्यवहारकर्त्याच्या अनधिकृत वायद्यांमुळे बुडाली. तोटा सुमारे ८२ कोटी ७० लाख पौंडांचा होता. अखेर 'आयएनजी' या डच समूहाने ती एका पौंडाला विकत घेतली. सौदे करणारा आणि त्यांची नोंद व पूर्तता पाहणारा माणूस एकच असू नये, हा साधा नियम तेथे पाळला गेला नव्हता.

क्षेत्रभेटी : कोठे आणि कशासाठी?

बँक ऑफ इंग्लंड : १६९४ मध्ये स्थापन झालेली ही बँक थ्रेडनीडल स्ट्रीटवर आहे. तिच्या वस्तुसंग्रहालयात प्रवेश विनामूल्य असून सुमारे १३ किलो वजनाची सोन्याची वीट हाताने उचलून पाहता येते. बँकेच्या तळघरात अशा सुमारे चार लाख विटा आहेत आणि त्यांतील फार मोठा हिस्सा बँकेचा स्वतःचा नसून इतरांनी ठेवावयास दिलेला आहे. सोने जागचे न हलता केवळ नोंदवहीतील मालक बदलतो, ही गोष्ट तेथे ध्यानात येते. व्याजदर ठरविण्याचा अधिकार या बँकेला १९९७ मध्ये मिळाला. नऊ सदस्यांची समिती वर्षातून आठ वेळा हा निर्णय घेते आणि बैठकीचे इतिवृत्त प्रसिद्ध करते. भेटीपूर्वी अलीकडचे एखादे इतिवृत्त वाचून जावे.

लॉइड्स : एडवर्ड लॉइड यांच्या सतराव्या शतकातील कॉफीगृहात जहाजमालक व व्यापारी जमत असत. त्यातून जहाजांच्या विम्याचा बाजार उभा राहिला. लॉइड्स ही विमा कंपनी नाही; अनेक विमाकर्त्यांच्या गटांचा तो बाजार आहे. एकाच मोठ्या जोखमीचे तुकडे करून ते अनेकांनी कसे वाटून घ्यावेत, हे १९८६ मध्ये खुल्या झालेल्या तिच्या इमारतीतील मुख्य दालनात पाहावयास मिळते. १७९९ मध्ये बुडालेल्या 'ल्युटीन' जहाजाची घंटा तेथे टांगलेली आहे. पूर्वी वाईट बातमीसाठी एक आणि चांगल्या बातमीसाठी दोन टोले देत. येथे एक प्रश्न अवश्य विचारावा : तोटा शेवटी कोणाच्या खिशातून जातो? एकेकाळी 'नेम्स' म्हणून ओळखले जाणारे धनिक स्वतःच्या अमर्याद जबाबदारीवर येथे भांडवल पुरवीत. अॅस्बेस्टॉससंबंधीच्या दाव्यांनी त्यांतील अनेकांचे दिवाळे निघाले आणि १९९० च्या दशकात ही व्यवस्था बदलावी लागली.

लंडन मेटल एक्स्चेंज : १८७७ मध्ये स्थापन झालेल्या या बाजाराची मालकी २०१२ पासून हाँगकाँगच्या शेअर बाजार कंपनीकडे आहे. येथील गोलाकार 'रिंग'मध्ये लाल बैठकांवर बसून दलाल तोंडी सौदे करतात. प्रत्येक धातूसाठी पाच मिनिटांची फेरी असते. तीन महिन्यांच्या वायद्याची प्रथा चिलीहून तांबे व मलायाहून कथील जहाजाने येण्यास लागणाऱ्या काळातून आली, असे सांगितले जाते. ८ मार्च २०२२ रोजी निकेलचा भाव टनाला एक लाख डॉलरपलीकडे गेला, तेव्हा बाजाराने व्यवहार थांबविले आणि त्या दिवशीचे सौदे रद्द केले. ज्यांचा नफा त्यामुळे बुडाला ते न्यायालयात गेले. निकाल बाजाराच्या बाजूने लागला. मात्र त्या काळातील कारभाराबद्दल ब्रिटिश नियामकाने मार्च २०२५ मध्ये बाजाराला ९२ लाख पौंडांहून अधिक दंड केला. झालेला सौदा रद्द करण्याचा अधिकार कोणाला व कधी असावा, हा प्रश्न पाठ्यपुस्तकातील गणितात येत नाही.

लंडन शेअर बाजार : सेंट पॉल्स कॅथीड्रलजवळील या इमारतीत गजबजलेला सौद्यांचा फड दिसेल, अशी अपेक्षा ठेवू नये. १९८६ नंतर अल्पावधीतच व्यवहार दूरध्वनी व संगणकावर गेले. भारतीय विद्यार्थ्यांना येथील मसाला बाँडचा इतिहास अभ्यासण्यासारखा आहे. रुपयांत नोंदविलेले, पण परदेशात विकलेले हे रोखे होत. जुलै २०१६ मध्ये मुंबईच्या एचडीएफसीने ३,००० कोटी रुपयांचे असे रोखे विकले. भारतीय कंपनीने काढलेले ते पहिले मसाला बाँड ठरले. या रोख्यांत रुपया घसरल्यास होणारा तोटा कर्ज घेणाऱ्याला नव्हे, तर गुंतवणूकदाराला सोसावा लागतो.

जुनी पुस्तके, नवा बाजार

वर्ग व क्षेत्रभेट एकमेकांना कसे पूरक ठरतात याचे उत्तम उदाहरण 'लायबॉर' हे आहे. लंडनमधील बँका एकमेकींना ज्या दराने कर्ज देऊ शकतील, त्या दराचा हा अंदाज जगभरच्या कर्जांना व वायद्यांना आधारभूत होता. तो प्रत्यक्ष सौद्यांवरून नव्हे, तर बँकांनी कळविलेल्या आकड्यांवरून ठरे. २०१२ मध्ये या आकड्यांतील फेरफार उघड झाला, बँकांना जबर दंड झाले आणि टप्प्याटप्प्याने हा दर बंद करण्यात आला. बहुतेक लायबॉर दर २०२१ अखेर, तर डॉलरचे प्रमुख दर जून २०२३ अखेर थांबले. पौंडासाठी आता 'सोनिया' हा प्रत्यक्ष व्यवहारांवर आधारलेला दर बँक ऑफ इंग्लंड प्रसिद्ध करते. जुन्या आवृत्तीच्या पुस्तकांत आजही लायबॉरची उदाहरणे आढळतात. बाजार पाहिलेला विद्यार्थी ती सावधपणे वाचतो.

रुपयाचा प्रश्न आणि लंडन

या विषयाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध शंभर वर्षांहून जुना आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून साठविलेले पैसे आणि राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या प्रबंधासाठी १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. पदवी मिळाली.

त्या काळी रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्स या पातळीवर टिकविण्यासाठी भारतमंत्री लंडनमध्ये 'कौन्सिल बिले' विकत. ही एक प्रकारची हुंडीच होती. पौंड लंडनमध्ये भरावयाचे आणि रुपये भारतात घ्यावयाचे. ही विक्री बँक ऑफ इंग्लंडमध्ये दर आठवड्याला होत असे. या सुवर्ण-विनिमय पद्धतीचे जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ मध्ये समर्थन केले होते. बाबासाहेबांनी त्याच्या विरोधी मत मांडले. रुपयाचा बाहेरचा दर स्थिर राखण्यापेक्षा देशातील त्याची क्रयशक्ती स्थिर राहणे महत्त्वाचे असून रुपये पाडण्याच्या सरकारच्या अधिकारावर बंधन हवे, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी साक्ष दिली. चलनव्यवस्था जेथून चालविली जाई, त्याच नगरीत बसून त्यांनी तिची चिकित्सा केली.

हा प्रश्न आजही संपलेला नाही. एप्रिल २०१९ च्या त्रैवार्षिक पाहणीत रुपयाची दैनंदिन उलाढाल भारतापेक्षा ब्रिटनमध्ये अधिक आढळली. प्रत्यक्ष रुपये न देता-घेता केवळ दरातील फरक डॉलरमध्ये चुकता करणारे वायदे हे त्याचे मुख्य कारण होते. रिझर्व्ह बँकेने या बाजाराच्या अभ्यासासाठी २०१९ मध्ये उषा थोरात यांच्या अध्यक्षतेखाली कृतिगट नेमला होता. आपल्या चलनाचा भाव परदेशी बाजारात कसा घडतो, हे समजून घेणे हे भारतीय विद्यार्थ्याचे लंडनमधील खास काम म्हटले पाहिजे.

अभ्यासक्रम निवडताना

माहितीपत्रकात 'इंडस्ट्री व्हिजिट' एवढे दोन शब्द पाहून समाधान मानू नये. कोणत्या संस्थांना भेटी आहेत, त्यांची लेखी परवानगी मिळाली आहे काय, भेटीपूर्वी वाचन व नंतर अहवाल अपेक्षित आहे काय, त्या अहवालाला गुण आहेत काय आणि भेटीचा खर्च शुल्कात धरला आहे काय, हे प्रश्न विचारावेत. लॉइड्स व मेटल एक्स्चेंजसारख्या ठिकाणी पूर्वपरवानगीविना प्रवेश गृहीत धरू नये. प्रत्येक भेटीसाठी तीन प्रश्न लिहून न्यावेत : येथे कोणती जोखीम विकली जाते, ती कोण विकत घेतो आणि व्यवहार मोडल्यास भरपाई कोण करतो.

खर्चाचा विचार करताना वर्गात शिकावयाचे गणित घरीच मांडून पाहावे. ३०,००० पौंड शुल्क असेल आणि पौंड १०० वरून ११० रुपयांवर गेला, तर कुटुंबावर तीन लाख रुपयांचा जादा बोजा पडतो. कर्ज रुपयांत व शुल्क पौंडांत असेल, तर ही जोखीम विद्यार्थ्याचीच असते. म्हणून कर्जाची रक्कम ठरविताना विनिमय दरातील चढउतारासाठी काही तरतूद ठेवावी आणि शुल्काच्या हप्त्यांच्या तारखा आधीच पाहाव्यात. शिक्षणासाठी परदेशी पैसे पाठविताना रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली व्यक्तीस वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे.

ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती एक वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मिळते; तिच्यासाठी किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर मायदेशी परतण्याची अट असते. अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. शिक्षणानंतर ब्रिटनमध्ये राहून काम शोधण्याची पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मिळणारी दोन वर्षांची मुदत, २०२५ मध्ये जाहीर झालेल्या बदलानुसार, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी १८ महिन्यांची करण्यात आली आहे. नोकरी मिळेलच असे गृहीत धरून कर्जफेडीचे वेळापत्रक आखू नये. व्हिसा व शिष्यवृत्तीचे नियम वारंवार बदलतात. त्यामुळे अर्ज करण्याच्या दिवशी संबंधित सरकारी संकेतस्थळावरील नियम स्वतः वाचावेत. केवळ मध्यस्थाच्या शब्दावर विसंबून पैसे भरू नयेत.