दहा आकडे, नऊचा भाव

ॲपमधले पत्ते खरोखर पिसले जातात का? सुरुवातीला जिंकलो, मग सतत हरतोय, असं का? बोनस खात्यावर दिसतो, पण काढता का येत नाही? पोकर तर डोक्याचा खेळ आहे, मग तो जुगार कसा? ऑनलाइन पोकर आणि कॅसिनोच्या नादी नव्याने लागलेल्या तरुणांच्या तोंडी हे प्रश्न हमखास असतात. ‘हराम आहे, सोडून दे’ एवढं सांगून विषय मिटवता येतो. पण त्याने शंका मिटत नाही. ‘पुढचा डाव माझा’ ही आशा मनात तशीच राहते. म्हणून या प्रश्नांकडे इतिहासाच्या अंगाने पाहायला हवं, कारण त्यातला एकही प्रश्न मोबाइलसोबत जन्मलेला नाही.

सुरुवात मुंबईच्या मटक्यापासून करू. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजमधून तारेने येणाऱ्या कापसाच्या भावांवर इथे पैसे लागत. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला हे भाव येणं बंद झालं, तेव्हा आकडे काढायची नवी पद्धत निघाली. 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळी मटका सुरू केला, 1964 मध्ये रतन खत्रींचा न्यू वरळी मटका आला. गिरणगावातल्या कामगारांचा पगार ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ या दोन शब्दांत अडकला. खत्रींचा आकडा चोख, तो लोकांसमोर निघतो, अशी बाजारात ख्याती होती. ती पूर्ण खरी मानली, तरी हिशोब काय होता? शून्य ते नऊ असे दहा आकडे आणि एका आकड्याला साधारण नऊपट भाव. दहा जणांनी दहा आकड्यांवर एकेक रुपया लावला, तर जमा झाले दहा आणि वाटले गेले नऊ. उरलेला रुपया चालवणाऱ्याचा. त्याला लबाडी करायची गरजच नव्हती.

युरोपातल्या कॅसिनोचं रुलेट याच हिशोबावर चालतं. चाकावर 37 खाने असतात. प्रत्येकावर एक रुपया लावला तर 37 रुपये जातात आणि जिंकलेल्या खान्याचे 36 परत येतात. शंभराला सुमारे 2.7 रुपये घरमालकाचे. ‘ॲप फसवतं का’ या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. काही ॲप लबाडी करतही असतील, पण सगळ्यात इमानदार चाकसुद्धा शेवटी खेळणाऱ्याचा खिसा रिकामा करतं. सुरुवातीला जिंकणं म्हणजे थोड्या डावांत झालेला चढउतार. डाव वाढत जातात तसा तो रुपया बाजूला पडत जातो.

‘एवढ्या वेळा हरलो, आता तरी लागेलच’ हा समजही जुनाच. 18 ऑगस्ट 1913 रोजी मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत चेंडू सलग 26 वेळा काळ्या खान्यात पडला. आता लाल येणारच, या भरवशावर लोक रक्कम वाढवत गेले आणि बुडाले. चेंडूला मागचा डाव आठवत नसतो. आठवण खेळणाऱ्याला असते, आणि तीच त्याला बुडवते.

बोनसचंही असंच. समजा, हजार रुपये बोनस मिळाला आणि तो काढण्याआधी तीसपट रक्कम खेळायची अट आहे. म्हणजे तीस हजारांचे डाव. शंभराला 2.7च्या हिशोबाने त्यात सरासरी 810 रुपये जातात. जिथे घरमालकाचा वाटा याहून बराच मोठा, तिथे हजारही पुरत नाहीत.

राहिला पोकर. इथे प्रश्न खरोखर अवघड आहे, आणि न्यायालयांनीही तो गांभीर्याने घेतला. मुंबई इलाख्याच्या 1887च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळलं होतं. 1957 मध्ये चमारबागवाला खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. बंगळुरात छापल्या जाणाऱ्या एका साप्ताहिकातून बक्षिसांची शब्दकोडी चालत आणि प्रवेश फी मुंबई राज्यातून गोळा होई. छपाई एका राज्यात, पैसे दुसऱ्या राज्यातून, म्हणजे आजच्या ‘सर्व्हर परदेशात’चा जुना अवतार. न्यायालयाने मुंबई राज्याचा अधिकार मान्य केला आणि जुगार हा घटनेचं संरक्षण मिळणारा व्यापार नाही, असं स्पष्ट केलं.

दहा वर्षांनी, 1967 मध्ये, रमीचा प्रश्न आला. निकाल लिहिला न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला यांनी, ज्यांनी नागपुरात वकिली केली होती आणि जे पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात, कोणता धरायचा आणि कोणता टाकायचा हे ठरवावं लागतं, म्हणून रमी प्रामुख्याने कौशल्याची, असं त्यांनी म्हटलं. ऑनलाइन कंपन्यांनी हे वाक्य पुढे ढालीसारखं वापरलं. पण त्याच निकालात आणखी एक मुद्दा आहे: जागेचा मालक खेळातून नफा काढत असेल, तर गुन्हा ठरू शकतो. तो फार कमी जणांना आठवतो.

पोकरचं गणित याच मुद्द्यात आहे. सहा जण हजार-हजार घेऊन बसले. रात्रभरात चाळीस हजारांचे डाव झाले आणि ॲपने प्रत्येक डावातून पाच टक्के कापले, असं धरा. दोन हजार गेले, टेबलावर चार उरले. हुशार माणूस यातून कमावू शकतो, हे खरं. पण ते पैसे ॲपचे नसतात. शेजारी बसलेल्या नवख्याचे असतात. आणि नव्याने आलेला माणूस बहुधा तो नवखाच असतो.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने कौशल्य आणि नशीब हा भेदच बाजूला ठेवला. पैसे लावून ऑनलाइन खेळ पुरवणं, त्याची जाहिरात करणं, त्यासाठी व्यवहार करू देणं, सगळ्यावर बंदी. शिक्षा चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. तरी चोरवाटेने परदेशी ॲपवर जाणाऱ्याने एक लक्षात ठेवावं: अडकलेले पैसे मागायला तिथे दार नाही.

इस्लामपूर्व अरबस्तानात ‘मैसिर’ चाले. त्याची रीत तफसीरकारांनी नोंदवली आहे. उंट कापला जाई आणि दहा बाणांनी वाटे ठरत. सात बाणांना एक ते सात हिस्से, तीन कोरे. कोऱ्या बाणांच्या वाट्याला उंटाची किंमत येई. जिंकणारे मांस गरिबांना वाटून टाकत आणि त्याचा मोठेपणा मिरवत. कुरआनने त्यातला फायदा नाकारला नाही. फायदा आहे, पण नुकसान त्याहून मोठं आहे, असं सांगून मग मनाई केली. शब्दाचं मूळ ‘युस्र’, म्हणजे सोपेपणा, याच्याशी जोडलं जातं: सहज हाती आलेलं धन. ते सहज येतं, कारण दुसऱ्या कुणाच्या तरी घरातून गेलेलं असतं.

म्हणून मुलं विचारतात, ‘जिंकायचं कसं?’, तेव्हा त्यांच्यासमोर आकडे मांडावेत. कागद-पेन्सिल द्यावी, दहा आकडे आणि नऊचा भाव लिहायला लावावा. ओरडण्याने मूल मोबाइल लपवायला शिकतं. हा हिशोब त्याने स्वतः एकदा केला, की तो त्याच्याजवळ राहतो.